उचलीची बेडी आणि मुक्तीचा दाखला

२०२२ सालच्या पावसाळ्यात नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात एका कातकरी वस्तीतील दहा वर्षांच्या सुमाराची मुलगी मरण पावली आणि तिच्या मृत्यूने एक भयंकर व्यवहार उजेडात आणला. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी, एवढ्या मोबदल्यात कातकऱ्यांची लहान मुले दूरच्या मेंढपाळांकडे कामाला बांधली गेली होती. वृत्तपत्रांत बातम्या आल्या, गुन्हे नोंदले गेले, अधिकारी वस्त्यांवर पोहोचले, काही मुले घरी परतली. चार दिवस हळहळ व्यक्त झाली आणि मग सारे शांत झाले. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या एका तालुक्यात, संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार, वेठ आणि सक्तीचे श्रम यांवर बंदी घातल्याला सात दशके उलटून गेल्यावर, एका लेकराची किंमत एका मेंढीएवढी ठरते, ही वस्तुस्थिती हळहळीने संपत नाही. ती श्रमजीवी जनतेत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यापुढे एक प्रश्न उभा करते: हा व्यापार आजवर डोळ्यांना दिसला का नाही?

माणसांच्या व्यापाराचे नाव काढताच सर्वसाधारणपणे डोळ्यांपुढे येते ते पळवून नेलेल्या मुलीचे आणि कुंटणखान्याच्या बंद दाराचे चित्र. ते चित्र खोटे नाही. परंतु त्या एका चित्रामुळे याच व्यापाराचे दुसरे प्रचंड अंग झाकले जाते. ते अंग दिवसाढवळ्या, गावकऱ्यांच्या देखत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणि रेल्वेच्या साध्या डब्यातून चालू असते. तेथे कुणी कुणाला पळवीत नाही, साखळदंड बांधीत नाही. तेथे पुढे केला जातो नोटांचा एक पुडका. त्याला महाराष्ट्रात उचल म्हणतात, इतरत्र पेशगी किंवा अॅडव्हान्स म्हणतात. नाव कोणतेही असो, आजच्या वेठबिगाराच्या पायातील बेडी तीच आहे.

बेडी घडते कशी

ओडिशातील बलांगीर, कालाहांडी आणि नुआपाडा हे जिल्हे घ्या. पावसाच्या एका पिकावर जगणारी कोरडवाहू जमीन, तीही बहुतेकांच्या नावावर नाही; पीक निघाले की पुढे सहा-सात महिने हाताला काम नाही. अशा वेळी गावात सरदार येतो, म्हणजे मजूर भरती करणारा दलाल. तो उचल देतो ती एका माणसाला नव्हे, ‘पथुरिया’ला. नवरा, बायको आणि एखादे मूल मिळून वीटभट्टीवर काम करणारे जे पथक, त्याला तेथे हे नाव आहे. म्हणजे मुलाचे श्रम सौद्यात आरंभापासूनच धरलेले असतात. हे कुटुंब तेलंगणातील, आंध्रातील किंवा तमिळनाडूतील भट्टीवर पोहोचते तेव्हा त्याला तेथील भाषा येत नाही, भट्टीमालकाचे पूर्ण नाव ठाऊक नसते आणि उचलीचा हिशेब दलालाच्या वहीत असतो. डिसेंबर २०१३ मध्ये कालाहांडी जिल्ह्यातील दोघा मजुरांचे उजवे हात दलालांनी तोडले. उचल देणाऱ्यांची इच्छा मोडली, एवढाच त्यांचा अपराध होता. सर्वोच्च न्यायालयाला या प्रकरणाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. करार म्हणून जो मिरवला जातो त्याच्या मुळाशी काय असते, ते या कुऱ्हाडीने दाखवून दिले.

महाराष्ट्रातही हीच चौकट निराळ्या वेषात भेटते. मराठवाड्यातून दर हंगामात लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नंदुरबार-धुळ्याचे आदिवासी दक्षिण गुजरातच्या साखरपट्ट्यात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर आणि एक दिवस काम चुकले तर ‘खाड्या’चा दंडही कोयत्यावर. दुखणे असो, बाळंतपण असो, खाडा चुकत नाही. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली तेव्हा त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, हे २०१९ साली उघड झाले. उचलीचे गणित माणसाच्या शरीरापर्यंत कसे पोहोचते, याचा याहून बोलका पुरावा नको. प्रत्येक ऊसतोड मजूर कायद्याच्या अर्थाने वेठबिगार असतो, असे नाही. परंतु हंगाम संपला तरी उचल ‘फिटली नाही’ म्हणून ज्याला अडवून धरले जाते, ज्याच्या बायकोला किंवा मुलाला ओलीस ठेवून त्याला पैसे आणायला गावी धाडले जाते, तो वेठबिगारच होय. मग त्याला कोणी काहीही म्हणो.

झारखंडच्या गुमला-सिमडेगा भागातून दिल्लीच्या घरांत मोलकरीण म्हणून पाठवल्या जाणाऱ्या मुली, बिहारमधून जयपूरच्या बांगड्यांच्या कोंदट कारखान्यांत आणलेली मुले, ही त्याच साखळीची आणखी कडी आहेत. सर्व ठिकाणी रचना एकच. एका टोकाला जमिनीची, कामाची आणि कर्जाची भूक. दुसऱ्या टोकाला स्वस्त श्रमांवर पोसलेला नफा. आणि मधे दलाल किंवा मुकादम. हा मधला माणूस मालकाला फार उपयोगी पडतो. मजूर त्याने आणलेला, उचल त्याने दिलेली, मारहाण त्याने केलेली. मालक कागदावर कोठेच नसतो. त्याच्या हाती फक्त वीट, साखर आणि नफा येतो.

दोन आकडे

२५ ऑक्टोबर १९७५ पासून वेठबिगारी रद्द झाली आणि १९७६ साली तसा कायदा संसदेने केला. त्यानंतर देशात किती वेठबिगार आहेत, याची मोजदाद झाली. गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांच्या पाहणीने १९७८ च्या सुमारास दहा राज्यांत २६ लाखांहून अधिक वेठबिगार असल्याचा अंदाज दिला. त्याच काळात सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीने सोळा राज्यांत अवघे ३ लाख ४५ हजार मोजले. राज्ये वाढली आणि वेठबिगार घटले! मधले बावीस लाख लोक गेले कोठे? ते शेतावर, खाणीवर आणि भट्टीवर राबतच होते. नाहीसे झाले ते व्याख्येत.

हा खेळ आजही संपलेला नाही. केंद्र सरकारने २०१६ साली २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगारांची ओळख पटवून त्यांना मुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. १९७८ पासूनच्या चार दशकांत प्रत्यक्ष सुटलेल्यांची सरकारी बेरीज मात्र तीन लाखांच्या आसपास होती. उद्दिष्ट आणि करणी यांतील हे अंतर निव्वळ ढिलाईचे नाही. ज्या जिल्ह्यात वेठबिगार सापडतो त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला तो आपल्या कारभारावरचा डाग वाटतो. म्हणून ‘आमच्याकडे असा प्रकार नाही’ हे उत्तर तयार असते आणि समोर उभा असलेला माणूस ‘मजुरीचा तंटा असलेला कामगार’ होऊन जातो.

कायद्याचे म्हणणे मात्र स्वच्छ आहे. उचलीच्या, पूर्वजांच्या कर्जाच्या किंवा जातीच्या रूढीच्या बदल्यात जर माणसाला मजुरीविना अथवा नाममात्र मजुरीवर राबावे लागत असेल, दुसरीकडे काम करण्याचे किंवा देशात कोठेही जाण्या-येण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागत असेल, किंवा आपला माल बाजारभावाने विकता येत नसेल, तर ती वेठबिगारी. यांतील एक गोष्ट असली तरी पुरे. सर्व असाव्या लागत नाहीत. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम हे सक्तीचेच श्रम होत. दंडुक्याइतकीच भूकही सक्ती करते. पुढच्याच वर्षी फरिदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जाते एवढे दिसले की ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे. तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की या कायद्याने वेठीचे कर्जच नष्ट केले आहे. वेठबिगार काही देणे लागत नाही. कर्ज वेठीचे नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे. हे वाक्य जिल्ह्याजिल्ह्यांतल्या भट्टीवर आणि फडावर पोहोचलेले नाही, हीच खरी अडचण. कारण मजूर स्वतः म्हणतो, ‘घेतले आहेत तर फेडले पाहिजेत.’ शब्दाला जागण्याची ही गरिबाची प्रामाणिक वृत्ती दलालाला कुलपापेक्षा अधिक उपयोगी पडते. वेठबिगार स्वतःला वेठबिगार म्हणवीत नाही. म्हणून त्याने तक्रार घेऊन यावे, अशी वाट पाहत बसणारा कार्यकर्ता जन्मभर वाट पाहील.

ओळखावे कसे

तेव्हा पाहायला आणि विचारायला शिकले पाहिजे. उचल किती घेतली, असे विचारल्यावर जर मजूर आकडा सांगतो पण आजवर किती फिटली ते त्याला सांगता येत नाही, तर तेथे थांबावे. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक कोणाकडे आहे, हे विचारावे. मोबाइल काढून घेतला आहे काय? आठवडी बाजाराला सारे कुटुंब एकत्र जाऊ शकते, की एकाला मागे राहावे लागते? गावी मयत झाली तर जाता येते काय? मजुरी हातात पडते, की फक्त खाण्यापुरती ‘खर्ची’ मिळते आणि उरलेला हिशेब हंगामाच्या शेवटी? मुलांची नावे हजेरीवर नाहीत, पण त्यांच्या हातावर चिखल आहे काय? एक प्रश्न मजुराला विचारला आणि उत्तर मुकादमाने दिले, तर तेच पुष्कळ काही सांगून जाते.

घरकामाच्या मुलीबाबत खुणा थोड्या निराळ्या असतात. ती एकटी कधीच बाहेर दिसत नाही, पगार ‘एजन्सीकडे जातो’ असे सांगितले जाते, घरच्यांशी तिचे महिनोन्‌महिने बोलणे झालेले नसते आणि वय विचारले की पाठ केलेले उत्तर येते. वेश्याव्यवसायात ढकललेल्या स्त्रीबाबत तर अधिकच जपून वागावे लागते. तेथे फसवून, विकून आणलेली मुलगी आहे, तशीच स्वतःच्या निर्णयाने राहणारी प्रौढ स्त्रीही आहे. सुटकेच्या नावाखाली प्रौढ स्त्रियांना छळू नये आणि त्यांच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात डांबून ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले आहे. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत मात्र संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी सभासदांचे या कामात एक विशेष स्थान आहे. सुरत, हैदराबाद, इंदूर, बेळगाव येथे परक्या भाषेत दिवस काढण्याचा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांच्या घराण्यात आहे. कचेरीत आपली भाषा कुणाला समजत नाही तेव्हा माणूस किती दुबळा होतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. उसाच्या फडात खानदेशी बोलणारा आदिवासी, भट्टीवर ओडिया बोलणारा मजूर यांच्या आणि सरकारी पंचनाम्याच्या मध्ये जी भिंत असते ती भाषेची असते. ती ओलांडून देणारा दुभाषी हा या लढ्यातला पहिला शिलेदार होय.

सुटकेनंतरचा दुसरा दिवस

येथे एक कठोर आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. भट्टीवरून अडकलेल्या मजुरांची हाक आली की कार्यकर्ते धावून जातात, मालकाशी बोलणे होते, काही हजारांवर तडजोड ठरते आणि रात्रीच्या गाडीने मजूर गावी रवाना होतात. सर्वांना समाधान वाटते. परंतु अशा तडजोडीत पदरात काय पडले? मालकावर गुन्हा नाही, कागदावर वेठबिगारी नाही, मजुराच्या हाती मुक्तीचा दाखला नाही. गावी उंबऱ्यावर तोच दलाल उभा असतो आणि ‘राहिलेली’ उचल मागतो. पुढच्या हंगामात तेच कुटुंब दुसऱ्या भट्टीवर जाते. अशी सुटका म्हणजे दोन वेठींमधली सुट्टी होय. फरिदाबादच्या खाणींतून सुटून तेव्हाच्या मध्य प्रदेशातील गावी परतलेले मजूर महिने लोटूनही पुनर्वसनाविना राहिले, तेव्हा १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाला हेच सांगावे लागले की पुनर्वसनाविना मुक्तीला अर्थ नाही.

म्हणून पहिला आग्रह मुक्तीच्या दाखल्याचा धरला पाहिजे. लेखी तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांत अधिकारी यांच्याकडे द्यावी आणि तिची पोच घ्यावी. चौकशी मालक व मुकादम यांच्यापासून दूर, मजुराच्या भाषेत आणि कुटुंबातील प्रत्येकाची स्वतंत्र व्हावी. स्त्रियांचे जबाब स्त्री अधिकाऱ्यासमोर व्हावेत. दाखला त्याच ठिकाणी, मजूर गावी रवाना होण्याआधी मिळावा आणि तो कुटुंबप्रमुख म्हणून एकट्या पुरुषाच्या नावे न काढता राबणाऱ्या प्रत्येकाच्या नावे काढला जावा. मजुरीची थकबाकी हिशेबात घ्यावी. मुलांच्या बाबतीत बालकल्याण समितीला कळवावे. १०९८ हा क्रमांक मुलांच्या, १८१ हा स्त्रियांच्या मदतीसाठी आणि ११२ तातडीच्या पोलीस मदतीसाठी आहे. माणसांच्या व्यापाराला आणि वेठीला बळी पडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. माणसांच्या व्यापाराचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमाखाली नोंदवला जातो आणि बळी पडलेल्याची संमती होती, हा बचाव त्यात चालत नाही. वेठबिगारी कायद्याबरोबर हे कलम लावण्याचा आग्रह धरावा. कारण एकट्या वेठबिगारी कायद्यातील शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड एवढीच आहे.

पुनर्वसनाची रक्कम १९७८ साली ४,००० रुपये होती. २०१६ पासून ती प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणांत ३ लाख करण्यात आली. तातडीची मदत २०२२ पासून ३० हजार रुपयांपर्यंत आहे. आकडे कागदावर बरे दिसतात. परंतु मुख्य रक्कम वेठ सिद्ध होण्याच्या न्यायप्रक्रियेला जोडलेली आहे, आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो. मजुराने तोवर खावे काय, याचे उत्तर सरकारने द्यावयाचे आहे. गुन्हेगाराला शिक्षा होण्याच्या तारखेला पीडिताच्या भाकरीशी बांधणे हा अन्याय आहे आणि तो दूर करण्याची मागणी प्रत्येक व्यासपीठावरून झाली पाहिजे.

वारल्यांनी दिलेला धडा

या बाबतीत परंपरेकडे पाहावे. ठाणे जिल्ह्यातील वारली लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढी आणि जन्माचा ‘लग्नगडी’ होई. त्याची बायकोही त्याच्याबरोबर वेठीला बांधली जाई. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे भरलेल्या परिषदेत, शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालील किसान सभेच्या लाल बावट्याखाली, हजारो आदिवासींनी वेठ नाकारली. गावोगाव पथके फिरली आणि लग्नगडी मोकळे झाले. त्यासाठी त्यांना सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागली नाही. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात तो इतिहास नोंदलेला आहे.

परंतु त्या लढ्याचा आज लक्षात घेण्याजोगा भाग त्यापुढचा आहे. मोकळा झालेला लग्नगडी खाणार काय, हा प्रश्न तेव्हाही उभा राहिला. म्हणून त्याच शरद ऋतूत ५०० पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी, ही मागणी पुढे आली आणि संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी हुतात्मे झाले. बेडी तुटताच मजुरीचा लढा सुरू झाला, आणि मजुरीचा लढा टिकला म्हणूनच बेडी पुन्हा पायात पडली नाही. मुक्ती आणि भाकरी या दोन गोष्टी वारल्यांनी वेगळ्या केल्या नाहीत.

आजचे कामही त्याच क्रमाने व्हायला हवे. १९७६ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असावयाची. जिल्हा समितीत अनुसूचित जाती-जमातींचे तीन प्रतिनिधी आणि दोन समाजकार्यकर्ते असावयाचे. मुक्त मजुरावर कर्जवसुलीचा दावा झाला तर त्याचा बचाव करणे, हेही या समितीचे काम आहे. आपल्या जिल्ह्यातील समिती अस्तित्वात आहे काय आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, हे प्रत्येक शाखेने लेखी विचारावे आणि शेतमजुरांचे प्रतिनिधी तिच्यावर जावेत म्हणून आग्रह धरावा. हंगामाआधी गावातच कोणी किती उचल घेतली, कोणत्या मुकादमाकडून आणि कोठे जाण्यासाठी, याची नोंद युनियनने ठेवावी. मजूर ज्या जिल्ह्यात जातात तेथील शाखेला ती यादी मिळावी. मजुरांना हक्काचे काम, रेशन आणि बिनव्याजी कर्ज गावातच मिळावे, हा लढा तर अखंडच आहे. कारण रिकाम्या चुलीपुढे उचल नाकारण्याचे बळ कोणत्याही भाषणाने येत नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा कायदा २०२० च्या संहितेत मिसळून टाकण्यात आला. नव्या नावाखाली जुने संरक्षण पातळ होऊ नये, यासाठी कामगार संघटनांनी जागरूक राहिले पाहिजे.

आणि जो सुटून आला आहे त्याच्याशी वागावे कसे, हेही संघटनेने शिकले पाहिजे. त्याची कहाणी सभांतून पुनःपुन्हा वदवून घेऊ नये, छायाचित्रे छापू नयेत, मुलीचे नाव-गाव कुजबुजीचा विषय होऊ देऊ नये. त्याला दयेची गरज नाही. त्याला दाखला हवा, काम हवे, मुलाला शाळा हवी आणि कचेरीत बरोबर येणारा एक माणूस हवा. हे मिळाले तर उद्या तोच दुसऱ्या भट्टीवर जाऊन दुसऱ्याला सांगेल की घेतलेली उचल फेडायची नसते, कारण कायद्याने ती केव्हाच बुडाली आहे. ज्या दिवशी हे वाक्य मजूरच मजुराला सांगू लागेल, त्या दिवशी इगतपुरीच्या त्या मुलीचे ऋण फेडायला खरी सुरुवात होईल.